बीए करावं की मोटारी भरायला शिकावं? बारावीनंतरच्या तीन वर्षांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं गाव, सहा एकर कोरडवाहू. मोठा मुलगा यंदा बारावी (कला) पास झाला. वडील म्हणतात, यवतमाळला खोली करून बीए कर. मुलगा म्हणतो, मामाच्या दुकानात मोटारी भरायला (जळलेल्या पंपाच्या मोटारीत तांब्याची वायर नव्याने गुंडाळायला) शिकतो आणि दोन वर्षांत स्वतःचं दुकान टाकतो. कॉलेजात पैसा घालणं आता परवडतं का? धाकटी मुलगी अकरावी सायन्सला आहे, तिचं पुढं काय करावं?

भाऊ, आधी बीएचा खर्च मांडू. फी कमी असते म्हणून तो सहसा कुणी मांडत नाही. खोली आणि मेस मिळून महिना ५,००० धरा. वर्षाचे १० महिने, तीन वर्षं: १,५०,०००. फी, पुस्तकं, परीक्षेचे फॉर्म वर्षाला ६,००० धरले तर १८,०००. पोरगा घरी असता तर वर्षात २०० दिवस तरी ३०० रुपये रोजाचं काम करता, ती बुडालेली मजुरी १,८०,०००. एकूण ३,४८,०००. तुमच्याकडचा रोज किंवा खोलीभाडं वेगळं असेल तर तो आकडा घाला, पण मजुरीची ओळ खोडू नका. गावातून एसटीने जाऊन-येऊन शिकला तर विद्यार्थी पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, खोली-मेस वाचते आणि हिशेब निम्म्याच्या आसपास येतो. म्हणजे यवतमाळला राहून बीए करण्यातला मोठा खर्च कॉलेजचा नाही, राहण्याचा आहे.

आता हे साडेतीन लाख कशासाठी, ते बघू. बहुतेक घरांत उत्तर एकच येतं: नोकरी. तर नोकऱ्यांच्या जाहिरातीतली पात्रतेची ओळ वाचा. पोलीस शिपाई: बारावी. महावितरणचा विद्युत सहायक: बारावी आणि आयटीआय (इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन). अग्निवीर जनरल ड्युटी: दहावी, वय किमान साडेसतरा. रेल्वेची गट ड भरती: दहावी किंवा आयटीआय. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) आणि एमपीएससीची राज्यसेवा यांना पदवी लागते, पण कोणतीही चालते. त्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवीही आली. मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने स्पष्ट केलेलं आहे. तेव्हा पोलीस भरतीसाठी बीए करणं म्हणजे नदी कोरडी असताना नावेचं भाडं देणं. त्या भरतीत ५० गुण मैदानी असतात आणि १०० लेखी. १,६०० मीटर धावण्याचा वेळ बीएने कमी होत नाही.

पदवीची किंमत जोखायची एक सोपी कसोटी आहे. हा कागद नसेल तर सरकार तुम्हाला ते काम करण्यापासून कायद्याने अडवतं का? अडवत असेल तर तो कागद मिळवायलाच हवा.

कृषी सेवा केंद्र घ्या. त्याला तीन वेगळे परवाने लागतात: बियाणं, खत आणि कीटकनाशक. बियाण्याच्या परवान्याला शिक्षणाची अट नाही. कीटकनाशकाला आहे: कृषी किंवा रसायनशास्त्र, वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र यांसारख्या विषयातली पदवी, नाहीतर कृषीची किमान एक वर्षाची पदविका. खतालाही पात्रता लागते, पण तिथं १५ दिवसांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाची पळवाट आहे. शिवाय खत कंपनीचं ‘ओ’ फॉर्म हे उगम प्रमाणपत्र आणि कीटकनाशक कंपनीचं मूळ प्रमाणपत्र परवान्यावर चढवून घ्यावं लागतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले. औषध विकणाऱ्याला ते कळायला हवं ही अट कागदी वाटत असेल तर ते वर्ष आठवावं.

मेडिकल दुकानाचंही तसंच. १९४८ च्या फार्मसी कायद्याखाली नोंदणी झालेला फार्मासिस्ट तिथं लागतो, आणि त्यासाठी किमान डी. फार्म. म्हणजे दोन वर्षं आणि ५०० तासांचं प्रात्यक्षिक प्रशिक्षण. गावोगाव भाड्याच्या प्रमाणपत्रावर मेडिकल आणि कृषी केंद्रं चालतात, तपासणीत सापडली की परवाना जातो, तरी चालतात. ते बेकायदेशीरच आहे. पण त्यातून एक गोष्ट कळते: या कागदांना भाडं मिळतं. बीएचं प्रमाणपत्र कुणी भाड्याने मागितल्याचं ऐकिवात नाही.

मोटार भरायला कोणताही परवाना लागत नाही. म्हणून मुलाचं म्हणणं पहिल्या नजरेत बरोबर वाटतं. पण परवाना लागत नाही याचा अर्थ उद्या शेजारीही दुकान टाकू शकतो. अशा धंद्यात हात आणि हिशेब, दोनच गोष्टी टिकवतात. मामाकडं काय शिकायचं, ते म्हणून नेमकं बघू.

जळलेली मोटार आली की नवा पोरगा लगेच छिन्नीने वायर तोडायला घेतो. पहिली चूक इथंच होते. वायर काढण्याआधी वहीत लिहायचं: स्लॉट म्हणजे वायर बसायच्या खाचा किती (२४ की ३६), एका कॉइलला वेढे किती, कॉइल कुठल्या स्लॉटमधून कुठल्या स्लॉटमध्ये गेली, जोडणी स्टार की डेल्टा, आणि वायरची जाडी. जाडी मायक्रोमीटरने मोजायची, तीही वरचं इनॅमल जाळून साफ केल्यावर, नाहीतर माप जाड येतं. अंदाजाने बारीक वायर घातली तर मोटार पाणी देते, पण महिनाभरात तापून पुन्हा दुकानात येते, आणि दुसऱ्या खेपेचं तांबं आपल्या खिशातून जातं. मोनोब्लॉकला (पाण्याबाहेर बसणाऱ्या पंपाला) इनॅमलची वायर, पाण्यात बुडणाऱ्या सबमर्सिबलला पॉली आवरणाची. ही अदलाबदल झाली तर सगळं काम पाण्यात, अक्षरशः. मोनोब्लॉकला वार्निश दिल्यावर भट्टीत किंवा दिव्यांच्या पेटीत नीट भाजावं लागतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत घाईने दिलेली मोटार अर्थ घेते, म्हणजे वीज तिच्या सांगाड्यात उतरते. ५०० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या यंत्रावर) एक मेगाओहमच्या खाली रीडिंग असेल तर मोटार दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही. नव्या भरणीचं रीडिंग त्याच्या कितीतरी वर यायला हवं.

मोटार कशामुळं जळली, हे गिऱ्हाइकाला सांगता येणं हा अर्धा धंदा. आपल्याकडं कारणं ठरलेली आहेत. रात्रीची लाइन आल्यावर मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो लावलेला असतो, तीनपैकी एक फेज गेलेला असतो, आणि जास्त करंट आला की मोटार बंद करणारा ओव्हरलोड रिले ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून कुणीतरी बांधून ठेवलेला असतो. दोन फेजवर कपॅसिटर टाकून मोटार चालवायची सवय तर घरोघरी. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) भार वाढला की व्होल्टेज पडतं, मोटार जास्त अँपिअर ओढते. टँग टेस्टर (वायरीभोवती लावून करंट मोजायचं यंत्र) लावून तिन्ही फेजचे अँपिअर कास्तकाराला दाखवले, तर तो पुढच्या वेळी स्टार्टर दुरुस्तीलाही तुमच्याकडंच येतो.

मात्र दुकान बुडतं ते वार्निशमुळं नाही, उधारीमुळं. काम येतं दिवाळीनंतर, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झालं की. त्याच वेळी कास्तकाराच्या हातात पैसा नसतो. कापसाचा चुकारा झाल्यावर देतो, असं ठरतं. पाच एचपीच्या मोटारीत बनावटीप्रमाणे तीन ते पाच किलो तांबं जातं. चार किलो धरा, किलोला १,००० रुपये धरा. वीस मोटारी उधार गेल्या की तुमचे ८०,००० रुपये लोकांच्या विहिरीत बसले, मजुरी वेगळीच. भावासाठी कापूस घरात थांबला की तुमचाही पैसा थांबला. जुने दुकानदार यावर एक शहाणपण करतात: जळकं तांबं आपल्याकडं घेऊन त्याची किंमत वजा करायची, उरलेल्या मालाचे रोख घ्यायचे, आणि उधारी ठेवायचीच तर फक्त मजुरीची. हा नियम पहिल्या दिवसापासून लावला तरच लागतो. तिसऱ्या वर्षी लावायला गेलं की नातेवाईक रुसतात.

दुकान टाकण्याआधी गिऱ्हाईक मोजता येतं, आणि ते मोजायला पैसे लागत नाहीत. आपल्या फीडरवर (भागाला वीज आणणाऱ्या लाइनवर) शेतीच्या जोडण्या किती, हे लाइनमनला माहीत असतं. समजा दहा किलोमीटरच्या आत ४०० पंप आहेत. पाच-सहा डीपींवरच्या कास्तकारांना विचारा, गेल्या वर्षी कुणाकुणाची मोटार जळली. पाचातली एक जळत असेल तर वर्षाला ८० मोटारी. त्या भागात आधीच दोन दुकानं असतील तर तुमच्या वाट्याला २५-२७. मोटारीमागे मजुरी १,२०० धरली तर वर्षाचे ३२,००० च्या आसपास. यावर घर चालत नाही. म्हणून निव्वळ मोटार भरण्याचं दुकान फार थोड्या ठिकाणी जमतं. स्टार्टर, केबल, पाइपची विक्री, पंप विहिरीतून काढणं-बसवणं, घरांची वायरिंग हे जोडलं तरच आकडा उभा राहतो.

आणखी एक गोष्ट बदलते आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्केच भरावे लागतात, आणि पहिली पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादार कंपनीकडं असते. ते गिऱ्हाईक तोवर तुमचं नाही. दुसऱ्या बाजूला साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत विजेची योजना मार्च २०२९ पर्यंतची आहे, त्यामुळं विजेच्या मोटारी एकदम जाणार नाहीत. पण आज अठरा वर्षांच्या पोराने धंदा निवडताना तो पस्तिशीचा असेल तेव्हाचं बघायला हवं. कंट्रोलर, डीसी मोटार, पॅनेलची जोडणी हे मामाला येत नसेल, तर ते दुसरीकडं शिकावं लागेल.

म्हणून माझं मत: बीएही नको आणि नुसती मामाची गादीही नको. तालुक्याच्या शासकीय आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनला दोन वर्षं घालावीत. प्रवेश दहावीच्या गुणांवर, ऑनलाइन होतो, आणि निकालानंतर लगेच फॉर्म सुटतात, तेव्हा लग्नसराईत गुंतून तारीख चुकवू नका. खासगी आयटीआयत जायची वेळ आली तर ट्रेडला एनसीव्हीटीची (राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेची) संलग्नता आहे का, हे आधी बघा. नसेल तर फी कितीही कमी असो, पाय ठेवू नका. हजेरी ८० टक्के लागते. ती भरून रविवार आणि संध्याकाळ मामाच्या दुकानात. मोटार वाइंडिंग आयटीआयच्या अभ्यासातही आहे, पण तिथं शिकाऊ मोटारीवर हात बसतो, मामाकडं जळक्या मोटारीवर.

आयटीआय झाल्यावर तिसरं वर्ष शिकाऊ उमेदवारीचं, १९६१ च्या कायद्याखालचं. नोंदणी अप्रेंटिसशिप पोर्टलवर. विदर्भात याला जागा आहेत: महावितरण, महानिर्मितीची कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारसची वीज केंद्रं, वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसा खाणी, अंबाझरी-भंडारा-भद्रावतीचे आयुध निर्माण कारखाने, रेल्वे. २०१९ च्या नियमांनी आयटीआयवाल्याचं विद्यावेतन महिना किमान ७,००० ठरवलं. शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय शिकाऊ प्रमाणपत्र मिळतं, आणि उमेदवारी रेल्वेतच केलेली असेल तर रेल्वेच्या गट ड भरतीत अशा उमेदवारांना २० टक्के जागा राखीव असतात. लोक इथं एक चूक करतात, उमेदवारीलाच नोकरी समजतात. संपली की घरी पाठवतात, हे ठरलेलंच आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही बऱ्याच पोरांचा हाच गैरसमज झाला.

याच तीन वर्षांत मुक्त विद्यापीठाची बीए जोडीला चालू ठेवता येते. म्हणजे तुम्हाला हवी असलेली पदवीही होते. उगाच कशाला, असं मुलगा म्हणेल. पण तलाठ्याची जाहिरात निघाली तर दार बंद नको. आणि खरं सांगायचं तर लग्न जुळवताना मुलीकडचे अजून ‘ग्रॅज्युएट आहे का’ विचारतात. ते बरोबर की चूक हा वेगळा विषय, विचारतात एवढं खरं. दोन वर्षांच्या आयटीआयवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जायची वाटही उघडी राहते. घरांची वायरिंग करायची तर महावितरणच्या नव्या जोडणीला परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. आयटीआय आणि अनुभवावर त्या परवान्याच्या रस्त्याला लागता येतं. मामाकडं नुसतं शिकून नाही.

त्यानेच हट्टाने नियमित कॉलेज धरलं, तर नव्या शैक्षणिक धोरणात मधूनच बाहेर पडता येतं: पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिट आणि चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यास केला तर प्रमाणपत्र, दोन वर्षांवर पदविका. आपल्या बाजारात त्या प्रमाणपत्राला आज किंमत नाही. पण क्रेडिट खात्यात जमा राहतात, तीन वर्षांत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. नुसतं नाव टाकून घरी बसण्यापेक्षा हे बरं. सगळ्यात महाग पडतात ती बीएनंतरची, अभ्यासिकेत गेलेली चार-पाच वर्षं, ज्यांत ना पगार, ना हातात कला. स्पर्धा परीक्षा द्यायची असेल तर आधीच ठरवा: दोन प्रयत्न. गेल्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायच्या आणि गुण त्या-त्या वर्षीच्या कटऑफशी ताडायचे. वीस-तीस गुणांचं अंतर दुसऱ्या वर्षीही तेवढंच असेल तर थांबायचं.

कर्ज शेवटी. पीएमईजीपीमध्ये (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमातीला ३५ टक्के अनुदान ठरलेलं आहे. पाच लाखांचा प्रकल्प, अर्जदार ओबीसी धरला तर स्वतःचे ५ टक्के म्हणजे २५,०००, बँकेचे ४,७५,०००, आणि अनुदान १,७५,०००. हे अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून पडून राहतं, धंदा चालू असल्याची तपासणी झाल्यावरच कर्जात वळतं. दीड वर्षात शटर ओढलं तर ते परत जातं आणि पूर्ण कर्ज तुमच्या डोक्यावर. योजना फक्त नव्या उद्योगाला आहे, म्हणून कर्ज घ्यायचंच असेल तर आधी स्वतःच्या नावाने दुकान नोंदवू नका. मामाकडं काम करायला हरकत नाही. ‘अनुदान आम्ही काढून देतो’ म्हणत फुगवलेलं कोटेशन घेऊन येणाऱ्या मशीनवाल्याला दारातून परत पाठवा. आणि कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेसाठी चकरा मारू नका, तिच्या १८ कामांत मोटार भरणं नाही.

बँक खरी अडते ती दुसऱ्याच जागी. तुमचं पीककर्ज थकलेलं असेल तर मुलाच्या फाईलवर तेच आधी दिसतं, कारण शाखा तीच, पत्ता तोच. छोट्या धंद्याच्या कर्जाला ठरावीक मर्यादेपर्यंत तारण मागता येत नाही, हा नियम तिथं उपयोगी पडत नाही. मॅनेजर नाही म्हणत नाही, फाईल नुसती ठेवून देतो. शैक्षणिक कर्जात तर वडील सहकर्जदारच असतात. तेव्हा मुलाची फाईल टाकायच्या आधी स्वतःचं खातं नियमित करा.

मुलीचं गणित वेगळं आहे. तिचं शिक्षण थांबलं की गावात पुढचा विषय लग्नाचाच निघतो, म्हणून तिच्या बाबतीत मी कॉलेजच्या बाजूने आहे. पण साधं बीएस्सी नको. जिथं कायद्याने कागद लागतो तिकडं पाठवा: डी. फार्म., बी. एस्सी. नर्सिंग, किंवा सीईटी देऊन अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाखाली बी. एस्सी. कृषी. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतला की माफी गेली. मेस-वसतिगृह या माफीत येत नाही. त्यासाठी अल्पभूधारकांच्या (साधारण पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्यांच्या) मुलांसाठीची पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. तुमची सहा एकर त्यात बसतात का, ते आधी बघा. पैसे अडकतात ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी: बँक खातं आधारशी जोडलेलं नसतं, किंवा अर्ज कॉलेजच्या लॉगिनमध्ये कारकुनाकडं पडून असतो. दर पंधरा दिवसांनी स्थिती बघायची आणि ‘कॉलेज स्तरावर प्रलंबित’ दिसलं की स्वतः जाऊन उभं राहायचं.

तिची जात पडताळणीची फाईल याच वर्षी, अकरावीत असताना टाका. वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यातच महिने जातात, आणि आजोबांच्या शाळेचं रजिस्टर जीर्ण झालेलं असेल तर मुख्याध्यापकांकडून नक्कल मिळायला वेगळा वेळ. ओबीसी असाल तर सोबत नॉन-क्रिमीलेअरही काढून ठेवा, तहसीलमध्ये जूनची गर्दी होण्याआधी.